सिंगापूरमधली 'लिटल इंडिया' ही वस्ती कशी तयार झाली? ब्रिटिशांनी भारतीयांना तिथे वसवलं होतं का?

नाही, वसवलं नव्हतं. ब्रिटिश अधिकारी रॅफल्सने 1822 साली शहर आखायला घेतलं तेव्हा दक्षिण भारतीयांसाठी 'चुलिया' वस्ती ठेवली होती, पण ती सिंगापूर नदीकाठी. सेरंगून रोडकडे, म्हणजे आजच्या लिटल इंडियाकडे, आपली माणसं गेली ती बरीचशी गुरांमागे.

रोचोर नदीजवळची ती सखल, पाणथळ जमीन. गवत भरपूर, म्हशींना डुंबायला पाणी. एकोणिसाव्या शतकात तिथे गोठे झाले, मग गवळी आले, मजूर आले. मी इथे राहायला आलो तेव्हा 'बफेलो रोड' ही पाटी वाचून हसू आलं होतं. पुढे कळलं की शेजारच्या गल्लीचं नाव 'करबाऊ' म्हणजे मलय भाषेत म्हैसच, आणि थोडं पुढे 'लेंबू रोड' आहे, लेंबू म्हणजे गाय-बैल! बेलिलिओस रोडला ज्याचं नाव आहे तो कलकत्त्याहून आलेला ज्यू गुरांचा व्यापारी होता.

गुरांखेरीज वीटभट्ट्या होत्या, चुन्याच्या भट्ट्याही होत्या. वीरमाकालीअम्मन देवळाला जुने तमिळ लोक 'सुण्णांबु कंबम' देऊळ म्हणायचे, म्हणजे चुन्याच्या वाडीतलं देऊळ. पेरुमाळचं, म्हणजे विष्णूचं, देऊळही जुनं, 1855 चं. तैपूसमला, म्हणजे तमिळ लोकांच्या मुरुगनच्या सणाला, कावडी निघतात त्या तिथूनच.

'लिटल इंडिया' हे नाव मात्र पर्यटनासाठी रुळवलेलं, तेही अलीकडे. जुनी माणसं 'टेक्का' म्हणतात, आणि तो शब्द होक्कियन चिनी आहे, बांबूवरून आलेला. करबाऊ रोडवरचं सगळ्यात रंगीत घरही 1900 च्या सुमारास एका चिनी व्यापाऱ्याने बांधलेलं. पर्यटक त्यापुढे फोटो काढून 'इंडिया पाहिला' म्हणतात, ते सोडा.

आपल्याला वाटतो तितका हा भाग 'भारतीय' नाही, तमिळ आहे. वडापाव शोधत फिरू नका. 1947 पासूनच्या कोमला विलासमध्ये डोसा खा. माझ्या ओळखीची मराठी घरं तिथे राहत नाहीत, पण गणपतीच्या आदल्या दिवशी हारांसाठी बफेलो रोडवर हमखास भेटतात.

आणि शक्य असेल तर रविवारी संध्याकाळी जा. लोक नेमकं उलट सांगतील, गर्दी असते म्हणून. डिसेंबर 2013 मध्ये रेसकोर्स रोडवर बसखाली येऊन एक तमिळ कामगार गेला आणि दंगल उसळली. तेव्हापासून शनिवार-रविवारी उघड्यावर दारू प्यायला बंदी आहे. पण बांधकामावरचे तमिळ आणि बांगलादेशी मजूर आजही सुट्टीला तिथेच येतात. घरी पैसे पाठवतात, केस कापून घेतात, गवतावर घोळक्याने बसून गावाकडे व्हिडिओ कॉल लावतात. लेंबू रोडच्या मोकळ्या जागेत तर तेव्हा सगळं बंगालीच ऐकू येतं.