शाळेतला शत्रू आता आवडायला लागलाय, हा वेडेपणा आहे का?

तुम्ही विचारलंय, की शाळेत ज्याच्याशी उभा दावा होता तो इतक्या वर्षांनी भेटला आणि आता त्याच्या मेसेजची वाट बघता, तर डोकं ठिकाणावर आहे ना? नसेलही. पण मी असल्याच एका शत्रूशी लग्न करून बसलेय, त्यामुळे माझं मत जरा बेतानेच घ्या.

आम्ही दोघं वाईचे, एकाच वर्गातले. चौथीच्या शिष्यवृत्तीला (तेव्हा ती चौथी-सातवीला असायची, मध्ये काही वर्षं पाचवी-आठवीला होती) ३०० पैकी मला २६२ आणि त्याला २६४. तिथून दहावीपर्यंत त्याने मला नावाने हाक मारली नाही. "ए दोन मार्क, डस्टर दे." मीही काही गरीब गाय नव्हते. वक्तृत्व स्पर्धेत तो बोलायला उभा राहिला की मी पहिल्या रांगेत बसून चिंच चोखायचे. टिळकांच्या शेंगांच्या टरफलांपर्यंत येता येता त्याच्या तोंडाला असं पाणी सुटायचं की बस. आमच्या आया मात्र मंडईत भेटल्या की एकमेकींना मेथीची जुडी निवडून द्यायच्या. आम्हाला ती फितुरी वाटायची.

दहावीनंतर वाटा वेगळ्या झाल्या. मग एका दिवाळीत, धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी, स्वारगेटला वाईची गाडी लागली. खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, हा कायदा तुम्हाला माहीतच असेल. मी टाकला. रेटारेटी करत आत पोचले तर माझ्या रुमालावर आणखी एक रुमाल, आणि एक दाढीवाला म्हणतोय, "माझा आधी पडलाय."

"आधी पडलेला खाली असतो," मी म्हटलं.

तो थांबला. नीट बघितलं. "दोन मार्क?"

खिडकी मीच घेतली. कात्रज मागे पडेपर्यंत नोकऱ्या, आईवडिलांचे गुडघे वगैरे उरकलं. गाडी खंबाटकीचा घाट चढत असताना तो मध्येच म्हणाला, "तुझं आरशातलं घड्याळ चुकलं होतं."

बुद्धिमत्ता चाचणीतला प्रश्न. घड्याळात ४:१० वाजलेत, आरशात किती दिसतील? मी ८:५० लिहिलं होतं. बरोबर उत्तर ७:५०. तासकाटा चारच्या जरा पुढे सरकलेला असतो, म्हणजे आरशात तो आठच्या अलीकडे दिसणार. पेपर सुटल्यावर उत्तरं जुळवताना हे मी एकदाच बोलले होते. माझंच मी विसरले होते, आणि याला वीस वर्षांनी आठवत होतं! मला बघायला आलेल्या एका मुलाला तर मी चहात साखर घेत नाही हे तिसऱ्या भेटीतही आठवलं नव्हतं.

म्हणून लगेच विरघळले असं नाही. सुरूर फाट्यापर्यंत नवीन भांडण तयार होतं: मेणवलीची घंटा कुठल्या सालची? तो म्हणे १७३९, मी म्हटलं १७०७. पैज, पाव किलो कंदी पेढे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या बाबांच्या स्कूटरवरून गेलो. नाना फडणवीसांच्या वाड्याजवळ, कृष्णेच्या घाटावर ती घंटा आहे. मोबाईलचा टॉर्च मारला. मेरीची आकृती, आणि साल १७०७.

मी हात पुढे केला. तर हा माणूस म्हणतो, "ओतली १७०७ ला. पण चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली १७३९ ला, तेव्हा ही घंटा तिथून आली. त्याआधी ती आपली कुठे होती? प्रश्नच संदिग्ध आहे. दोघांना मार्क."

पेढे निम्मे-निम्मे पैसे घालून आणले. घाटाच्या पायरीवर बसून खाल्ले, शेवटच्या पेढ्यावरून भांडलो, आणि गारठा पडला तरी घरी जायचं नाव कोणी काढेना. तो शेवटचा पेढा नदीकाठच्या कुत्र्याने खाल्ला.

तुमच्या बाबतीत एवढं मात्र आठवून बघा. तो तुमच्या मार्कांवरून चिडवायचा, की रंगावरून, घरच्या परिस्थितीवरून? दुसरं असेल तर त्याने आधी माफी मागायला हवी, मेसेजबिसेज नंतर. आणि हरल्यावर तो कसा वागतो ते बघाच. त्यासाठी चार डाव लॅडीस पुरे. आमचा हरला की पत्ते फेकत नाही, नियम वाचून दाखवतो. चालतं मला.

लग्नाला सहा वर्षं झाली. आमच्या हॉलमध्ये घड्याळाच्या बरोबर समोर आरसा लावलाय, त्यानेच, मुद्दाम. सकाळी ७:५० ला मी डबा, पाण्याची बाटली, चपला अशी धावपळ करत असते, आणि हा चहाचा कप हातात घेऊन आरशाकडे बघत म्हणतो, "अगं सावकाश. आत्ता कुठे चार दहा झालेत."