वाचकांचे प्रश्न : पिंड, वळण आणि पुढारपण

प्रश्न : मी एका माध्यमिक शाळेत बावीस वर्षे गणित शिकवते आणि गेल्या जूनपासून तिथेच मुख्याध्यापिका आहे. आधीचे मुख्याध्यापक खणखणीत आवाजाचे, चारचौघांत उठून दिसणारे होते. मी अबोल आणि वाद टाळणारी आहे. शिक्षक माझ्याकडे न येता थेट संस्थाचालकांकडे जातात. वेळापत्रक लावताना माझ्या हातून एका शिक्षिकेवर अन्याय झाला, पण ते मी अजून उघड कबूल केलेले नाही, कारण कबूल केले तर उरलासुरला धाकही जाईल, असे जवळचे सहकारी सांगतात. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला जावे, असाही सल्ला मिळतो. नेतृत्व स्वभावातच असावे लागते का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : शिबिराला जाण्यात नुकसान काही नाही. चारचौघांत आवाज कसा लावावा एवढे तिथे नक्की शिकता येईल. पण आपली अडचण आवाजाची आहे, असे पत्र वाचून वाटत नाही. वेळापत्रकाचे जे वाक्य आपण ओघात लिहून पुढे गेलात, तिथेच माझी नजर अडली.

आपल्याच विषयाच्या एका शिक्षकाचे उदाहरण देतो. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून बरीच वर्षे चालले. माणूस हळवा, टीका झाली की ती त्यांच्या मनाला फार लागे. टिळकांसारखा रोखठोकपणा किंवा मुंबईचे काँग्रेस पुढारी फिरोजशहा मेहता यांच्यासारखा रुबाब त्यांच्यापाशी नव्हता. १८९७ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले असताना पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताने लोक त्रासले होते. तिथल्या सोजिरांनी, म्हणजे गोऱ्या सैनिकांनी, स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे गोखल्यांना आली आणि त्या पत्रांवर विसंबून त्यांनी इंग्लंडातल्या वृत्तपत्रात आरोप केला. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला, पण पत्रलेखक पुढे यायला तयार होईनात. तेव्हा गोखल्यांनी त्यांची नावे उघड केली नाहीत, दोष त्यांच्यावर ढकललाही नाही. आरोप आपल्याला सिद्ध करता येत नाही असे सांगून त्यांनी जाहीर माफी मागितली.

ही माफी गरजेपेक्षा अधिक सपशेल होती, असे तेव्हा अनेकांना वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटते. प्लेगच्या काळात पुणेकरांनी सोसले ते काही काल्पनिक नव्हते. त्यामुळे गोखल्यांवर टीकेची झोड उठली, भित्रेपणाचा शिक्का बसला, आणि आपले सहकारी ज्या धाकाची भाषा करतात तो धाक त्यांच्यापाशी काही काळ अजिबात उरला नाही. कबुलीची किंमत पडत नाही, असे मी आपल्याला सांगणार नाही. मात्र पुढचाही भाग पाहावा. दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, ते मुंबई कायदे कौन्सिलवर निवडून आले आणि १९०२ पासून कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलात दरवर्षी अर्थसंकल्पावर बोलू लागले. सरकारी शिलकीचा आकडा देशाच्या सुबत्तेचा पुरावा नसून लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याचा पुरावा आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी मांडले. मिठावरचा कर उतरवा, ही त्यांची मागणी वर्षानुवर्षे चालू होती. तो कर मणामागे अडीच रुपयांवरून १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे, पण त्यांचे आकडे झटकून टाकणे सरकारला जड जाई. जो माणूस पुराव्याअभावी स्वतःचे विधान नाक घासून मागे घेतो, तो पुढच्या वेळी तपासल्यावाचून आकडा मांडणार नाही, एवढे तरी समोरच्याला ठाऊक झालेले असणार, असे मला वाटते.

हे वळण त्यांना आपोआप लागलेले नव्हते. पुण्याच्या सार्वजनिक सभा या राजकीय संस्थेच्या त्रैमासिकासाठी आणि निवेदनांसाठी न्यायमूर्ती रानड्यांच्या नजरेखाली आकडे गोळा करण्याची, तपासण्याची उमेदवारी त्यांनी केली होती. पिंड मात्र शेवटपर्यंत तोच राहिला, आणि त्या पिंडाचा लाभही झाला. गांधीजी १८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी घेऊन इथल्या पुढाऱ्यांना भेटले. त्यांच्या आत्मचरित्रात फिरोजशहा हिमालयासारखे, लोकमान्य समुद्रासारखे आणि गोखले गंगेसारखे वाटल्याची नोंद आहे, कारण गंगेत उतरून स्नान करता येते. आपल्या शाळेतल्या नव्या शिक्षकाला आपल्याकडे उतरून येता येते का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा. अबोल माणसाची एक खोड असते : तो मनाशी निर्णय घेतो आणि तो सांगायचा राहून जातो. समोरच्याला ती अढी वाटते आणि तो संस्थाचालकांचा उंबरठा गाठतो. बोलणे जड जात असेल तर लिहावे. सूचना वहीत आलेल्या अर्जाचे उत्तर दोन दिवसांत दोन ओळींत द्यावे, मग ते नकाराचे का असेना.

वेळापत्रकाचे म्हणाल तर पुढच्या शिक्षक सभेत, इतर कोणताही विषय निघण्याआधी, चूक कोणती झाली आणि बदललेले वेळापत्रक कोणत्या सोमवारपासून लागू होईल, एवढेच सांगावे. कारणे देऊ नयेत आणि त्या शिक्षिकेची स्तुतीही करू नये. तिला ती नको असते. सभेआधी तिला एकटीला भेटून हे सांगितलेले असावे.

प्रश्न : व्यक्तिमत्त्व आणि चारित्र्य यांत फरक काय? आमच्याकडे ‘चारित्र्य’ म्हटले की लोक भलताच अर्थ घेतात.
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. चारित्र्य आणि शील हे दोन्ही मोठे शब्द आपण बोलण्यात इतके आक्रसून टाकले आहेत, की ‘चारित्र्यावर संशय’ म्हटल्यावर पैशाची अफरातफर कोणाच्याही मनात येत नाही. मी स्वतः ‘पिंड’ आणि ‘वळण’ हे घरगुती शब्द वापरतो. तापटपणा, संकोच, बोलकेपणा हा पिंड झाला. तो जन्माने आणि घराने मिळतो, आणि त्याचे श्रेयही नाही, दोषही नाही. घेतलेले पैसे सांगितलेल्या दिवशी परत करणे, गैरहजर माणसाविषयी त्याच्यासमोर बोलू तेवढेच बोलणे, ही वळणे. ती लावून घ्यावी लागतात आणि मोडूही शकतात. हस्ताक्षराला आपण वळण म्हणतो ते याच अर्थाने.

प्रश्न : मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. माझे अठरा वर्षांचे मित्र, माजी अध्यक्ष, उद्वाहनाच्या (लिफ्टच्या) दुरुस्तीचे काम दरपत्रके न मागवता ओळखीच्या कंत्राटदाराला द्या म्हणतात. मी विरोध केल्यापासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आम्हा दोघांचे रोज वाजते. विषय वार्षिक सभेत येणार आहे. तत्त्व राखावे की मैत्री?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दरपत्रके मागवावीतच, त्यात विचार करण्यासारखे काही नाही. विचार करायचा तो त्या व्हॉट्सॲप गटाचा.

टिळक आणि आगरकर यांची मैत्री डेक्कन कॉलेजात जुळली. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हा संपादक आगरकर होते. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि पुढच्या वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय उभे राहिले. मग मतभेद आले. आधी समाजसुधारणा की राजकारण हा मोठा वाद होताच, पण सोसायटीला आयुष्य वाहिलेल्या आजीव सभासदांचा पगार किती असावा, त्यांनी बाहेरून मिळकत करावी की नाही, असले रोजच्या व्यवहारातले वादही होते, आणि माणसे दुरावतात ती पुष्कळदा अशाच वादांत. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. टिळकांनी १८९० मध्ये सोसायटीचा राजीनामा दिला. या मतभेदांत कमीपणा कोणालाच नव्हता. पण पुढे दोन्ही पत्रांतून एकमेकांवर जे वैयक्तिक वार झाले, ते तत्त्वासाठी आवश्यक होते असे मला वाटत नाही. दोघेही हट्टी होते आणि दोघांनाही वाचक होते. वाचकांसमोर भांडणारा माणूस मित्राला उत्तर देत नसतो. तो आपल्या बाजूच्या मंडळींना खूश करत असतो, आणि ती मंडळी त्याला मागे येऊ देत नाहीत. आगरकर १८९५ च्या जूनमध्ये, चाळिशीही न गाठता गेले. त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनीच लिहिला आणि लिहिताना त्यांना रडू आवरेना, असे सांगतात.

तेच टिळक प्रसंगी वेगळेही वागले आहेत. पुण्यात सभा घ्यायला आलेल्या गांधीजींना त्यांनी सुचवले की अध्यक्ष कोणत्याही पक्षाचा नसावा, संस्कृतचे पंडित डॉ. भांडारकरांना विचारा; आणि गोखल्यांनीही तेच नाव सांगितले. एकमेकांशी न पटणाऱ्या दोघांनी परक्या माणसाच्या कामात आपले भांडण आणले नाही. १९१५ मध्ये गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावरून खाली उतरून अंत्ययात्रेला आले आणि हयातभर ज्यांच्याशी झगडले त्यांचा गौरव करून बोलले.

आपण आजपासून गटावर या विषयावर एक अक्षरही लिहू नये, कोणी डिवचले तरी. तीन दरपत्रके मागवावीत, आणि मित्राच्या कंत्राटदारालाही रीतसर पत्र पाठवावे. त्याचा दर सर्वांत कमी निघाला तर काम त्यालाच मिळेल, हेही मनाशी मान्य करून ठेवावे. मग सभेच्या आदल्या संध्याकाळी ठरावाचा मसुदा घेऊन मित्राच्या घरी जावे. ठराव मागे घेऊ नये, पण तो त्यांना सभेत पहिल्यांदा ऐकायला लागू नये. चहा विचारतील तर घ्यावा.