डबा न उघडता परत येतो : वाचकांचे प्रश्न

(अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका सरकारी मिडल स्कूलमध्ये समुपदेशक असलेल्या आमच्या स्तंभलेखिका वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही हिवाळ्यात पुण्याहून एडिसनला आलो. मुलगी सातवीत आहे. पुण्यात ती वर्गातली सगळ्यांत बडबडी. इथे शाळेत भारतीय मुलं भरपूर, म्हणून मी निर्धास्त होते. पण तिचा डबा रोज तसाच परत येतो. खोदून विचारल्यावर कळलं, की जेवणाच्या टेबलावर तिच्या इंग्रजी उच्चारांची नक्कल होते. करणाऱ्या मुली आपल्याच, इथे जन्मलेल्या. हे म्हणतात, लगेच लेखी तक्रार करू. मुलगी म्हणते, काही केलंस तर मी शाळेतच जाणार नाही. काय करू?
— एक आई, एडिसन

उत्तर : मुलगी तुमच्याशी बोलली, ही मोठी गोष्ट आहे. या वयाची पुष्कळ मुलं एवढंही सांगत नाहीत.

पुण्यात वर्ग एक, बाक ठरलेला, तास बदलला की शिक्षक आत येतात. इथे सहावीपासून मुलं हिंडतात. बेल झाली की तीन-चार मिनिटांत लॉकर उघडायचा, पुस्तकं बदलायची आणि पुढच्या वर्गात पोचायचं. दर तासाला शेजारी वेगळा. एका बाकावर वर्षभर बसून आपोआप जुळणारी मैत्री इथे जुळत नाही. आणि वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलीला सगळ्यांत अवघड जातो तो जेवणाचा तास. गणिताचं ती निभावून नेते. कॅफेटेरियातली टेबलं सप्टेंबरमध्येच ज्याची त्यानं धरलेली असतात. हातात डबा घेऊन, सगळ्यांच्या देखत, आता कुठे बसू हे तिला रोज नव्यानं ठरवावं लागतं. दारापाशी उभं राहून मी हे वर्षानुवर्षं बघते आहे, आणि अजूनही माझ्या पोटात कालवतं.

2020च्या जनगणनेत एडिसनमधले निम्म्याच्या आसपास लोक आशियाई वंशाचे होते. तेलुगू, गुजराती, तमिळ, पंजाबी, मराठी, सगळ्या घरांतली मुलं एकाच शाळेत येतात. पण इथे जन्मलेलं मूल नव्यानं आलेल्या मुलाला जवळ करेलच असं नाही. त्यातल्या कित्येकींच्या आईच्या बोलण्यावरून दुकानात, बँकेत कुणीतरी हसलेलं असतं. नवी मुलगी तोंड उघडते तेव्हा त्यांना ते आठवतं, आणि आपण तिच्यातल्या नाही हे दाखवायची घाई होते. पण म्हणून त्यांचं वागणं खपवून घ्यायचं, असं नाही. माझ्या खोलीत अशा मुली येतात तेव्हा मी एकच विचारते, ‘आजीशी फोनवर बोलतेस तेव्हा आजी इंग्रजी शब्द कसे उच्चारते?’ बहुतेक जणी खाली बघतात. एखादी रडते. तिथून पुढे बोलणं सुरू होतं.

आता तक्रारीचं. न्यू जर्सीचा छळविरोधी कायदा 2011 पासून लागू आहे आणि तो कडक आहे. शाळेत सगळे त्याला ‘एचआयबी’ (हॅरॅसमेंट, इंटिमिडेशन, बुलिंग; म्हणजे छळ, धाकदपटशा, दादागिरी) म्हणतात. वंश, धर्म, मूळ देश यावरून दिलेला त्रास त्यात येतो. चौकशी एका शालेय दिवसात सुरू व्हावी आणि दहा शालेय दिवसांत संपावी, असं कायदा सांगतो. या कामासाठी प्रत्येक शाळेत एक व्यक्ती नेमलेली असते. तेव्हा तुमच्या यजमानांचं म्हणणं चूक नाही.

मात्र मुलीच्या पाठीमागे काही करू नका. तुम्ही गाइडन्स कौन्सेलरला, म्हणजे शाळेतल्या समुपदेशकाला, ‘सहज’ जरी कळवलंत, तरी छळाची गोष्ट त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या कानावर घालणं आम्हाला कायद्यानं भाग आहे. मग मुलीला बोलावलं जाणार, त्या मुलींनाही. म्हणून ईमेल लिहाल तेव्हा तिला शेजारी बसवा. कुठल्या दिवशी, कुठे, कोण काय म्हणालं, तेव्हा आजूबाजूला कोण होतं, एवढंच लिहा. विशेषणं नकोत. तिला एखादी ओळ खटकली तर ती बदला, आणि पाठवायचं बटण तिलाच दाबू द्या. तयार व्हायला तिला दोन दिवस लागले तर लागू द्या. मात्र कुणी धमकावत असेल, हात लावत असेल, तर वाट बघायची नाही.

त्याच ईमेलमध्ये ‘लंच बंच’ मागा. आठवड्यातून एखाद-दोन दिवस चार-पाच मुलं कौन्सेलरच्या खोलीत जेवतात, त्याला आमच्याकडे हे नाव आहे. तिच्यासारखीच नवी आलेली, किंवा मुळातच शांत अशी मुलं त्यात असतात. तिथली एक मैत्रीण पुढे कॅफेटेरियात शेजारी बसते. बहुतेक वेळा एक पुरते.

डब्यात काय द्यायचं ते सध्या तिला ठरवू द्या. चीज सँडविच मागितलं तर ते द्या, मेथीचे ठेपले संध्याकाळी घरी. तिनं दुपारी खाणं महत्त्वाचं. आणि ती रात्रीही जेवेनाशी झाली, झोप उडाली, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं बोलू लागली, तर माझ्या उत्तराची वाट बघू नका. डॉक्टरांना गाठा, किंवा 988 या मानसिक संकटासाठीच्या मदतवाहिनीवर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो.

प्रश्न : मुलाला सातवीसाठी प्री-अल्जिब्रा (बीजगणिताची पूर्वतयारी) मिळालं. मित्राचा मुलगा सातवीतच अल्जिब्रा वन करणार. शाळेशी भांडावं का?
— एक बाबा, प्लेन्सबरो

उत्तर : नको. बोटांवर मोजा. सातवीत प्री-अल्जिब्रा, आठवीत अल्जिब्रा वन, मग जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस. ही वाट इंजिनिअरिंगलाही पुरते.

तुमच्याच वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो शालेय जिल्ह्यात 2015 साली तिथल्या शाळांचे अधीक्षक डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना लांबलचक पत्र लिहिलं होतं. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद झाल्या, काही रात्री गृहपाठाविना ठरल्या, चौथीपासूनच मुलं निवडणारा वरचा गणितवर्ग पुढे ढकलला गेला. पालकांत उभी फूट पडली, आणि विरोध करणाऱ्यांत आशियाई पालक बरेच होते. मला अधीक्षकांचं पटलं होतं, आजही पटतं. रात्री अकरापर्यंत क्लासची गणितं सोडवून सकाळी पहिल्या तासाला डुलक्या घेणारी मुलं मी रोज बघते. मुलाला गणित खरंच सोपं जात असेल, तर शिक्षकांकडून गणित क्लबची माहिती घ्या. तिथे तो खूश होईल.

प्रश्न : शाळा घरापासून दीड मैल. बस नाकारली. हे कायदेशीर आहे का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आहे. आठवीपर्यंतच्या मुलांना दोन मैलांपेक्षा जास्त अंतर असेल तरच बस देणं बंधनकारक आहे. रस्त्याला फुटपाथ नसेल किंवा मोठा हायवे ओलांडावा लागत असेल, तर ‘धोक्याचा मार्ग’ म्हणून वाहतूक विभागाकडे लेखी अर्ज करा, सोबत रस्त्याचे फोटो जोडा. काही जिल्हे पैसे भरून बसची जागा देतात. तुमच्याकडे ती सोय असेल, तर उन्हाळ्यातच नाव नोंदवा.