जठराचा भाग काढल्यानंतर सापडलेल्या एच. पायलोरीवर औषध घ्यावे का?

तुमच्या वडिलांच्या जठराचा खालचा भाग १८ वर्षांपूर्वी अल्सरमुळे काढला, आता एंडोस्कोपीत एच. पायलोरी हा जंतू सापडला, आणि एवढेसे जठर उरले असताना त्यावर औषध घेण्यात अर्थ आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही, परंतु माझ्या वडिलांचेही असेच ऑपरेशन झाले होते. माझे मत, औषध अवश्य घ्यावे. मात्र जंतू गेला म्हणजे धोका टळला, असे समजू नये.

या जंतूला १९९४ मध्येच कर्करोगकारक ठरवले गेले आहे. त्याच्यामुळे जठराच्या अस्तराला वर्षानुवर्षे सूज राहते, आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी झिजतात आणि पुढे काहींच्या बाबतीत त्या अस्तराचे रूप बदलते. उरलेल्या जठरात याच्या जोडीला पित्तही असते. जठराचे खालचे दार ऑपरेशनमध्ये गेल्यामुळे पित्त उलट वर येते आणि आतड्याशी केलेल्या जोडाजवळचे अस्तर सतत चुरचुरत राहते. म्हणूनच अशा जठरातला कर्करोग साधारणपणे १५-२० वर्षांनंतर दिसू लागतो, आणि तुमचे वडील नेमके त्याच टप्प्यावर आहेत.

कोरियात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सुरुवातीचा कर्करोग दुर्बिणीतून काढलेल्या रुग्णांना या जंतूवर औषध दिल्यावर नव्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. अर्थात त्या रुग्णांचे जठर शाबूत होते, त्यामुळे तो आकडा तुमच्या वडिलांना जसाच्या तसा लावता येणार नाही.

तपासणीबाबत मात्र सावध राहा. माझ्या वडिलांच्या वेळी बायोप्सीचा कण किटमधल्या पिवळ्या जेलवर ठेवला. तो गुलाबी झाला असता तर जंतू आहे असे ठरले असते. जेल पिवळाच राहिला आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. आठवड्याने पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात जंतू निघाला! आम्ल कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोल या गोळीमुळे ही तपासणी फसू शकते, म्हणून ती दोन आठवडे आधी थांबवायला हवी होती, हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते.

औषधांचा कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते. जठर कापलेल्या माणसात अन्न झपाट्याने खाली उतरते, त्यामुळे श्वासाच्या तपासणीवर फारसे विसंबू नका. बायोप्सी किंवा शौचाची तपासणी शक्य आहे का, ते विचारा. एंडोस्कोपी पुढे किती अंतराने करायची हे डॉक्टर ठरवतील, पण जोडाजवळचे तुकडे घ्यायला आवर्जून सांगा. जुने डिस्चार्ज कार्डही शोधून सोबत न्या, कारण जोड बिलरॉथ एक पद्धतीचा (जठर लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला जोडलेले) आहे की बिलरॉथ दोन (त्याच्या पुढच्या भागाला जोडलेले), हे त्यावरून कळेल.