कथेतला काळा विनोद वाचकांना क्रूर का वाटतो?

डार्क ह्युमर म्हणजे काय आणि तो कथेत आणला की वाचक नाराज का होतात, असं तुम्ही विचारलंय. व्याख्या सोपी आहे: मरण, उपासमार, आजारपण अशा हसू नये त्या गोष्टींवरचा विनोद. पण व्याख्या कळून कथा जमत नाही. मला ती जमली नव्हती.

आमचं गाव देवगडजवळ. ऐन आषाढात तात्या, म्हणजे माझे चुलते, गेले. आंब्याच्या झाडांना जपणारा माणूस, वाळकी काटकी मोडली तरी शिव्या घालायचा. सरणाची लाकडं सगळी भिजलेली, म्हणून परसातला एक आंबा तोडायचं ठरलं. कुऱ्हाडीचा आवाज ऐकून ओसरीवर बसलेली काकी म्हणाली, "जल्मभर कोणाक एक फांदी तोडूक देवक नाय, आता अख्खा झाड घेवन चल्ले!" आधी कोणी बोललं नाही. मग सगळेच हसलो, आणि त्यानंतर काकी दिवसभरात पहिल्यांदा रडली.

हे मी कथेत घातलं, पण वाक्य दिलं मुंबईहून आलेल्या चाकरमानी पुतण्याला. वाचून मित्र म्हणाला, "काय नीच माणूस आहे!" एक अक्षरही बदललं नव्हतं, फक्त तोंड बदललं होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ना, तसं. वाक्य काकीकडे परत गेलं आणि कथा उभी राहिली. 'सगळे हसले' हेही मी काढून टाकलं. हसायचं की नाही ते वाचकाचं वाचक बघेल.

बाहेरच्या माणसाने असा विनोद करूच नये का? करावा, पण रोख वर हवा, म्हणजे सत्ता-पैसा असलेल्यांवर. आयर्लंडमधला लेखक जोनाथन स्विफ्ट याने १७२९ मध्ये आयर्लंडच्या गरिबांची वर्षाची पोरं श्रीमंतांना खायला विकावीत, असा 'प्रस्ताव' मांडला. चेहरा सरळ, वर हिशेबही दिला. आईबापांना जमीनदारांनी आधीच खाल्लंय, तेव्हा पोरांवर पहिला हक्क त्यांचाच, असंही तो सांगतो. मार कोणाला बसतो ते वेगळं लिहावं लागत नाही. तुमच्या कथेत तो कोणाला बसतोय, तेवढं तपासा. (शेवटी 'गंमत केली हो' असं मात्र लिहू नका.)

आणि हो, तोडलेला आंबा रायवळ होता. हापूसला हात लावायची हिंमत त्या दिवशीही कोणाची झाली नाही.