चित्रपट आणि वितरक: वाचकांच्या शंका

प्रश्न: आमच्या पहिल्या चित्रपटासाठी दोन वितरकांचे प्रस्ताव आले आहेत. एक ३० टक्के कमिशन मागतो, दुसरा २०. आगाऊ रक्कम दोघंही देत नाहीत. मग २० टक्केवालाच बरा नाही का?

नुसत्या टक्क्यावरून काहीच ठरत नाही. कमिशन कशावर कापलं जातं आणि वितरक जमेतून जो खर्च वळता करतो त्याला लगाम आहे का, हे आधी पाहा. समजा, वितरकाकडे एकूण १०० जमा झाले. पहिल्याच्या करारात खर्चाची कमाल मर्यादा २५ आहे आणि कमिशन खर्च वजा करून उरलेल्या रकमेवर आहे. म्हणजे उरले ७५, त्यातले साडेबावीस त्याचे, साडेबावन्न तुमचे. दुसरा एकूण जमेतून आधी २० कापतो आणि मग ‘प्रत्यक्ष झालेला खर्च’ लावतो. तो खर्च ६० निघाला, तर तुमच्या हाती २० येतात. तो ८० निघाला, तर काहीच येत नाही, आणि त्यात करारभंगही होत नाही.

म्हणून खर्चाची मर्यादा आकड्यात लिहून घ्या आणि तुमच्या लेखी संमतीशिवाय ती ओलांडता येणार नाही, असं वाक्य घाला. कार्यालयाचं भाडं, कर्मचाऱ्यांचे पगार आणि खर्चावरचं व्याज यांना खर्चाच्या व्याख्येतून नाव घेऊन वगळा. कान किंवा बर्लिनच्या चित्रपट-बाजाराचं बिल तर हमखास येतं. तिथे तो तुमच्याबरोबर आणखी १५ चित्रपट विकत असेल, तर स्टॉल आणि विमानभाडं १६ने भागलं गेलं पाहिजे. करारात तसं नसेल तर ते भागलं जाईलच याची खात्री नाही.

परदेशी विक्रीत आणखी एक खाच असते. तिकडचा उप-एजंट आपले २० कापून ८० पाठवतो, त्यावर तुमचा वितरक २५ टक्के म्हणजे आणखी २० घेतो, आणि खर्चाआधीच १००चे ६० होतात. ‘सर्व मध्यस्थ धरून एकूण कमिशन ३५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही’ असं कलम मागा. बरेच वितरक मान्य करतात, पण स्वतःहून कुणी सुचवत नाही. दुसऱ्या चित्रपटाचा तोटा तुमच्या वसुलीतून फेडण्याची मुभा देणारं कलम दिसलं, तर मात्र ते काढल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न: दीड वर्षात एकही हिशेब मिळालेला नाही. विचारलं की उत्तर येतं, “अजून खर्च वसूल झालेला नाही, मग हिशेब कसला?”

वसुली झाली नसली तरी हिशेब द्यावाच लागतो. किंबहुना वसुली होईपर्यंतच तो पाहायची जास्त गरज असते. करारात तिमाही किंवा सहामाही विवरणाचं कलम असेल, तर रक्कम शून्य असली तरी विवरण देणं वितरकावर बंधनकारक आहे. फोन आणि चॅट आता बंद करा. ‘नोटीस’च्या कलमात जो पत्ता आणि जी पद्धत दिली असेल, त्याच मार्गाने पत्र पाठवा. चूक दुरुस्त करायची मुदत, जी बहुधा ३० दिवसांची असते, तिथूनच मोजली जाते. अनेकांचा दावा इथेच लंगडा पडतो: तक्रारी ढीगभर, पण नियमाने दिलेली नोटीस एकही नाही.

विवरण आलं की आधी सुरुवातीची शिल्लक पाहा. ती मागच्या विवरणाच्या अखेरच्या शिल्लकेइतकी हवी. मग प्रदेशानुसार आणि प्लॅटफॉर्मनुसार जमा वेगळी दाखवली आहे का, ते पाहा. ‘विविध’ नावाच्या ओळीत मोठी रक्कम असेल, तर फोड मागा. तुमचा चित्रपट गठ्ठ्यात विकला गेला असेल, तर गठ्ठ्याची किंमत कशी वाटली हे लेखी विचारा. १० चित्रपटांचा गठ्ठा विकताना नावाजलेल्या एकाला सिंहाचा वाटा आणि बाकीच्यांना चिल्लर, असं करणं फार सोपं असतं. परदेशात कर कापला गेला असेल, तर कपातीचं प्रमाणपत्र मागा. त्याशिवाय तुमच्या प्राप्तिकराच्या विवरणपत्रात त्याचं क्रेडिट घेणं अवघड जातं.

लेखापरीक्षणाचा हक्क करारात असेल तर त्याची मुदतही वाचा. बहुतेकदा विवरण मिळाल्यापासून दोन-तीन वर्षांत हरकत घेतली नाही, तर ते मान्य समजलं जातं. देणं ५ किंवा १० टक्क्यांहून जास्त दडवल्याचं सिद्ध झालं, तर तपासणीचा खर्च वितरकाने द्यायचा, ही अट नेहमीची आहे. तुमच्या करारात नसेल तर पुढच्या वेळी घाला.

प्रश्न: चित्रपट तांत्रिक तपासणीत दोनदा परत आला. वितरक दुरुस्तीचा खर्च आमच्या खात्यात टाकतो आहे.

करारासोबतच्या डिलिव्हरी-यादीत, म्हणजे तुम्ही वितरकाला काय काय द्यायचं त्या यादीत, दुरुस्त करावी लागलेली वस्तू असेल, तर खर्च तुमचाच. म्हणून ती यादी सहीच्या आधी पोस्ट-प्रॉडक्शन करणाऱ्याला दाखवायची असते.

सगळ्यात जास्त अडतं ते ‘एम अँड ई’ ट्रॅकवर, म्हणजे संवाद वगळून फक्त संगीत आणि ध्वनी असलेल्या ट्रॅकवर. डबिंगसाठी तो लागतोच. नुसता संवादाचा ट्रॅक म्यूट करून तो तयार होत नाही. शूटिंगच्या जागीच रेकॉर्ड झालेल्या संवादाखाली पावलं, कपड्यांची सळसळ, कप ठेवल्याचा आवाजही असतो. संवाद काढला की हे सगळं जातं, आणि माणूस खोलीत चालताना दिसतो पण ऐकू येत नाही. तपासणीत हे लगेच सापडतं. त्या सगळ्या जागा फोलीने, म्हणजे स्टुडिओत ते आवाज नव्याने करून, भराव्या लागतात आणि मिक्सिंग झाल्यावर ते काम दुप्पट महाग पडतं. चित्रपटाचं मिक्सिंग चालू असतानाच ‘पूर्ण भरलेला’ एम अँड ई मागून घ्या.

दुसरा घोळ फ्रेम-रेटचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम चालतात याचा. २५ फ्रेमला चित्रित केलेला ९० मिनिटांचा चित्रपट २४ने चालवला, तर तो ९३ मिनिटं ४५ सेकंदांचा होतो, आवाजाची पट्टी खाली येते आणि जुनी सबटायटल्स घसरतात. २४ आणि २५ची दृश्यं एकाच टाइमलाइनवर मिसळली असतील, तर कॅमेरा फिरताना चित्राला झटके बसतात.

कूटबद्ध डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहासाठीची कुलूपबंद डिजिटल प्रत, पाठवणार असाल तर ती उघडणारी केडीएम ही डिजिटल चावी ठरावीक सर्व्हरपुरती आणि ठरावीक तारखांपुरतीच चालते. चित्रपटगृहाने सर्व्हर बदलला असेल, तर जुन्या चावीने पडदा काळाच राहणार. पहिल्या खेळाच्या किमान एक दिवस आधी चाचणी घ्यायला सांगा.

कागदांबद्दल थोडक्यात: पटकथा, दिग्दर्शक, कलाकार, संगीत या सगळ्यांचे हक्क तुमच्याकडे आल्याची सलग साखळी हवी. फक्त महोत्सवांपुरता परवाना घेतलेलं एखादं गाणं राहिलं असेल, तर ते आता काढा किंवा परवाना वाढवून घ्या.

प्रश्न: करार १५ वर्षांचा आहे, संपूर्ण जगासाठी, सर्व माध्यमांसाठी. एवढं द्यावं का?

आगाऊ रक्कम मिळत नसेल तर नाही. मिनिमम गॅरंटी, म्हणजे हमीची आगाऊ रक्कम, देणारा दीर्घ मुदत मागतो हे समजण्यासारखं आहे. त्याचे पैसे अडकलेले असतात. काहीच न गुंतवणाऱ्याला ५ ते ७ वर्षं पुरे. ज्या प्रदेशांत त्याने याआधी खरोखर विक्री केली आहे, तेवढेच द्या. शैक्षणिक प्रदर्शन, फिल्म सोसायट्या आणि स्वतःच्या वेबसाइटवरची विक्री राखून ठेवा.

१२ महिन्यांत एखाद्या प्रदेशात चित्रपट प्रदर्शित झाला नाही, तर तिथले हक्क आपोआप परत, हे कलम मुदतीपेक्षाही मोलाचं आहे. मास्टर, म्हणजे चित्रपटाची मूळ प्रत, तर कधीच सोपवू नका. वितरकाला प्रती काढण्याची परवानगी देणारं लॅबचं पत्र पुरतं.

वितरक दिवाळखोरीत गेला तर हक्क परत, असं कलम सर्रास घालतात, पण सर्वत्र ते टिकत नाही. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात अशा कलमांवर बरेच निर्बंध आहेत. तिथे २०१९ मध्ये एक ॲग्रिगेटर कंपनी, म्हणजे निर्मात्यांचे चित्रपट ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर पोहोचवणारी कंपनी, कोलमडली, तेव्हा प्लॅटफॉर्मकडून आलेले अनेक निर्मात्यांचे पैसे तिच्याकडेच अडकले. त्यामुळे रक्कम मोठी असेल तर तिसऱ्या पक्षाकडे वसुली-खातं उघडा. खरेदीदार थेट तिथे भरतात आणि प्रत्येकाचा वाटा तिथूनच निघतो. त्या खात्याचीही फी असते, म्हणून छोट्या चित्रपटाला ते परवडत नाही. अशा चित्रपटाच्या निर्मात्याने निदान निर्मात्यांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याची अट घालावी.

प्रश्न: सहीआधी वितरकाची पारख कशी करावी?

त्याने दिलेल्या नावांना फोन करू नका, ती निवडलेली असतात. त्याच्या यादीतले, प्रदर्शित होऊन तीन-चार वर्षं झालेले, तुमच्याच आकाराचे चार-पाच चित्रपट काढा आणि त्यांच्या निर्मात्यांना गाठा. नवे चित्रपट नकोत, त्यांची विवरणं अजून सुरूच झालेली नसतात. विवरण वेळेवर येतं का, खर्च ठरलेल्या मर्यादेत राहिला का, आणि पुढचा चित्रपट याच माणसाला दिलात का, एवढं विचारा. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा घुटमळला, तर पहिल्या दोन्हींची उत्तरं पुन्हा, जरा खोदून, विचारा.