सदाहरित की पानझडी?

प्रश्न : खिडकीसमोर दहा-बारा फुटांची पट्टी रिकामी आहे. दर वर्षी नव्याने लावावी लागणार नाहीत अशी फुलझाडं हवी आहेत. तगर-जास्वंदीसारखी सदाहरित लावू की चाफ्यासारखी पानझडी?

उत्तर : आधी खिडकीचा विचार करा. हिवाळ्यात खोलीत ऊन हवं असेल तर चाफा लावा. उघड्या फांद्यांतून ऊन आत येतं, उन्हाळ्यात पानांची सावली मिळते. बारमाही आडोसा हवा असेल तर तगर, दोन रोपांत अडीच-तीन फूट अंतर ठेवून. तगर वारंवार छाटलेली सोसते, जास्वंदीचं तसं नाही. तिला कळ्या नव्या फुटीवर येतात. सारखे शेंडे कातरत राहिलात तर झाड हिरवंगार, पण फुलांविना राहील. थंडी ओसरताना एकदाच, फार तर एक तृतीयांश छाटा. आणि सदाहरित झाडाचीही जुनी पानं थोडी थोडी पिवळी पडून गळतातच. तेवढ्यावरून खताचा मारा करू नका.

दोन्ही प्रकार लावणार असाल तर एकाच ठिबक नळीवर मात्र घेऊ नका. पानांविना चाफा पाणी जवळजवळ ओढत नाही. शेजारच्या जास्वंदीच्या मापाने त्यालाही पाणी मिळत राहिलं की माती ओली राहते आणि मुळं कुजतात.

पुढच्या कडेला भुईचाफा जरूर लावा. त्याची फुलं पानांआधी थेट जमिनीतून वर येतात, फार देखणी दिसतात. हिवाळ्यात मात्र वर काहीच उरत नाही आणि खुरपं नेमकं कंदावर बसतं. पानं सुकण्याआधीच शेजारी काठी रोवून ठेवा.

प्रश्न : कुंडीतल्या चाफ्याची सगळी पानं गळली, एक शेंडाही मऊ लागतो. झाड मेलं का?

उत्तर : नुसती पानगळ असती तर काळजी नव्हती. मऊ शेंडा ही कूज आहे. धारदार, स्वच्छ सुरीने तो कापा. कापातला गाभा तपकिरी किंवा काळा दिसला तर आणखी खाली कापत जा, पांढरा स्वच्छ गाभा लागेपर्यंत. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. काप कोरडा राहू द्या. कूज बुंध्यापर्यंत पोचली असेल तर वरची निरोगी फांदी फूटभर कापून घ्या, आठ-दहा दिवस सावलीत सुकवा आणि मगच रेतीमिश्रित मातीत लावा. ताजा काप ओल्या मातीत गेला तर तीही कुजेल. मूळ झाड वाचलं असेल तर नवी पानं फुटेपर्यंत त्याला पाणी नको.